सही करणाऱ्या इंजिनियरचं रजिस्टर कुठंय?

सीएंना 1949 पासून कायदा आहे, वकिलांना 1961 पासून, आर्किटेक्टना 1972 पासून. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या फार्मसिस्टला 1948 चा कायदा लागू आहे आणि त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं. आणि ज्या माणसाच्या सहीवर आपण सातव्या मजल्यावर पोराबाळांसकट झोपतो त्या इंजिनियरला देशपातळीवर असा कुठलाच कायदा नाही. इंजिनियर म्हणवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, काढून घ्यायला तर कुणी नाहीच. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, ठाणे-डोंबिवली पट्ट्यात जुन्या बिल्डिंगींची ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी रोजचा आहे आणि यावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

लगेच कुणीतरी म्हणेल की महापालिका लायसन्स देते ना. देते, बरोबर आहे. आपल्याकडे यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, स्ट्रक्चरल इंजिनियरची पात्रता दिलेली आहे, सिव्हिलची डिग्री पाहिजे, डिझाइन आणि साइटचा अनुभव पाहिजे, मग महापालिका नोंदणी करते. पण ती नोंदणी त्या ऑफिसची असते, पेशाची नाही. समजा एका महापालिकेने एखाद्याला काळ्या यादीत टाकलं, तर ते देशभरात एका जागी कुठे नोंदलं जातं? कुठेच नाही. खाडी ओलांडून पलीकडच्या शहरातल्या सोसायटीला कळणार कसं? आणि त्याचं काम चुकलं की नाही हे तपासायला त्याच्याच पेशातल्या जाणकारांचं, कायद्याने अधिकार असलेलं मंडळ पाहिजे, तेही नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स आहे, 1920 मध्ये सुरू झालेली, 1935 मध्ये रॉयल चार्टर मिळालेली, त्यांचा चार्टर्ड इंजिनियर हा मानाचा शिक्का आहे, मला त्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण तो नसला म्हणून कुणाचं काम अडतंय असं होत नाही.

आता ऑडिट म्हणजे नेमकं काय करतो ते थोडं सांगते, म्हणजे सहीचं वजन लक्षात येईल. 30 वर्षांवरच्या बिल्डिंगची महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासणी करून घेणं मुंबईसकट महापालिकांच्या हद्दीत बंधनकारक आहे, सोसायटीच्या उपविधीत तर 15 वर्षांनंतरच दर पाच वर्षांनी ऑडिट सांगितलंय. प्रत्यक्ष साइटवर गेलं की सगळ्यात आधी मी स्टिल्टमधले, संडास-बाथरूमच्या डाउनटेक पाइपाशेजारचे कॉलम बघते. बाहेरून नवीन प्लास्टर, त्यावर छान ऑइलपेंट, हाताने ठोकलं की पोकळ आवाज. तिथे कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, फोडायचं, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन मारायचं, जिथे गुलाबी होतं तिथे काँक्रीट अजून सळीला सांभाळतंय, जिथे रंगच येत नाही तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कधर्मीपणा खाल्लाय आणि ओल असली की गंज धरायचं काम सुरू. सळी उघडी पडली की वायर ब्रशने घासायची आणि कॅलिपर लावायचा. 16 एमएमची सळी 12 भरते तेव्हा दिसायला फरक फार वाटत नाही, पण क्षेत्रफळ जवळजवळ 44 टक्क्यांनी गेलेलं असतं. मग काँक्रीटचा कठीणपणा बघायला रिबाउंड हॅमर, आतल्या भेगा-पोकळ्यांसाठी अल्ट्रासॉनिक, गंजाचा अंदाज घ्यायला हाफ सेल, गरज पडली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढायचा. हे सगळं करायला दिवस जातात, लोकांच्या बेडरूममधे शिरावं लागतं, पीओपीचं फॉल्स सीलिंग उघडायला सांगावं लागतं आणि लोक चिडतात.

आणि मग सोसायटीच्या ऑफिसात चहा पिताना सेक्रेटरी म्हणतात, "मॅडम, तुमचं सगळं बरोबर आहे हो, पण मागच्या वेळी ते एक साहेब आले होते, तासाभरात फिरून गेले आणि चार दिवसांत रिपोर्ट हातात, निम्म्या पैशात. आम्हाला वॉर्डात द्यायला कागद पाहिजे फक्त." ते काका वाईट नाहीत, त्यांच्यावर मेंबरांचा दबाव असतो, मेंटेनन्स थकलेला असतो. पण मी नाही म्हटलं की काम त्या तासाभरवाल्या साहेबांकडे जातं आणि त्यांना जाब विचारणारं कुणी नसतं. नीट काम करणाऱ्याला यात काही संरक्षण नाही हे मला सगळ्यात जास्त लागतं. "अशी सही केली तर माझं रजिस्ट्रेशन जाईल" एवढं एक वाक्य जर मला कायद्याच्या आधाराने बोलता आलं असतं तर निम्मे वाद तिथेच मिटले असते.

14 मार्च 2019 ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, संध्याकाळची गर्दीची वेळ, 7 माणसं गेली. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती करून वापरता येईल असा शेरा होता. ऑडिटरला अटक झाली. ऑगस्ट 2020 मध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळली, 16 जण गेले, इमारत दहा वर्षांची सुद्धा धड नव्हती, तिथेही बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंटवर (सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्यावर) गुन्हा दाखल झाला. म्हणजे आपल्याकडे इंजिनियरला प्रश्न विचारला जातो तो माणसं मेल्यावर, आणि विचारतं कोण तर पोलीस. मग केस वर्षानुवर्षं चालते, हेतू होता का, निष्काळजीपणा किती, यावर वकील भांडतात, आणि "या माणसाने यापुढे डिझाइनवर सही करावी का" हा साधा प्रश्न तसाच राहतो.

याच्या उलट एक केस बघा. 17 जुलै 1981, अमेरिकेत कॅन्सस सिटीत हॉटेलच्या लॉबीवर टांगलेले दोन वॉकवे कोसळले, 114 माणसं मेली. मूळ ड्रॉइंगमध्ये वरचा आणि खालचा वॉकवे एकाच लांब सळईला लटकवायचे होते. करायला सोपं जावं म्हणून फॅब्रिकेशनच्या वेळी तिचे दोन तुकडे केले, त्यामुळे खालचा वॉकवे वरच्याच्या बीमला लटकला आणि त्या जोडावर दुप्पट भार आला. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनियरचा शिक्का होता. त्यांच्यावर फौजदारी खटला उभा राहिला नाही, पण मिझुरी राज्याच्या इंजिनियरांच्या नोंदणी बोर्डाच्या तक्रारीवर सुनावणी झाली आणि बोर्डाने दोन इंजिनियरांची लायसन्स काढून घेतली. जेलचा आणि लायसन्सचा प्रश्न वेगळा ठेवला, आणि बोर्डाचं म्हणणं साधं होतं, शिक्का तुमचा तर जबाबदारी तुमची, जोडाचं डिझाइन फॅब्रिकेटर करणार होता असं म्हणून सुटता येत नाही. मला आपल्या कायद्यात नेमकं हे पाहिजे.

माझी कॉलेजची मैत्रीण टोरँटोजवळ असते, इथे आठ-दहा वर्षं ब्रिज डिझाइन केलेली, तिथे गेल्यावर तिला कार्डावर इंजिनियर लिहिता येईना, कारण ऑन्टारिओत पी.इंजी. (प्रोफेशनल इंजिनियर) लायसन्स नसेल तर तसं म्हणवून घेणंच बेकायदेशीर. कायदा आणि नीतिमत्तेची वेगळी परीक्षा, चार वर्षांच्या अनुभवाची कागदपत्रं, रेफरन्स, सगळं करावं लागलं. त्यातला एक वर्ष कॅनडातलाच अनुभव पाहिजे हा नियम खरंच जाचक होता, बाहेरून आलेल्या कितीतरी आपल्या पोरापोरींची वर्षं त्यात गेली, 2023 मध्ये तो काढला ते बरं झालं. म्हणजे रजिस्ट्रेशनच्या नावाखाली दारं बंद करता येतात हे मला मान्य आहे आणि आपला कायदा करताना याकडे लक्ष ठेवावंच लागेल, विशेषतः डिप्लोमा करून वीस-वीस वर्षं साइट सांभाळलेल्या लोकांचं काय करणार ते आधी ठरवा.

आपल्याकडे प्रयत्न झालेत. गुजरातने 2006 मध्ये सिव्हिल इंजिनियरांसाठी राज्याचा कायदा केला, 2001 च्या भूकंपात भुजपासून एवढ्या लांब असलेल्या अहमदाबादेत मल्टिस्टोरी बिल्डिंगी कशा कोसळल्या ते सगळ्यांनी बघितलं होतं. केंद्रात मात्र बरीच वर्षं नुसते मसुदेच फिरतायत, 2025 मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, प्रोफेशनल इंजिनियर्स बिलाचा मसुदा काढून लोकांच्या सूचना मागवल्या. माझं मत असं की सगळ्या शाखांना एकदम कोंबू नका. सॉफ्टवेअरवाल्याने इंजिनियर लिहिलं म्हणून कुणाच्या डोक्यावर स्लॅब पडत नाही. आधी ज्यांच्या सहीवर लोकांचा जीव अवलंबून आहे, स्ट्रक्चरल, जिओटेक्निकल (जमीन आणि पायाचे), फायर, लिफ्ट, बॉयलर, त्यांना घ्या. आणि नुसतं नाव राखून ठेवू नका, काम राखून ठेवा, म्हणजे ते काम रजिस्टरवरच्या माणसानेच करायचं. आर्किटेक्टच्या कायद्यात हेच राहिलंय, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की तो कायदा आर्किटेक्ट ही उपाधी राखतो, काम नाही. रजिस्टर ऑनलाइन पाहिजे, नंबर टाकला की कुठल्या शाखेचा, कधीपासून, कधी सस्पेंड झाला होता का, सगळं कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला मोबाइलवर दिसलं पाहिजे.

तोपर्यंत, जे कुणी कमिटीवर आहेत त्यांनी कृपा करून एवढं करा. तुमच्या महापालिकेतला लायसन्स नंबर मागा आणि वॉर्डात जाऊन तो चालू आहे का बघा. रिपोर्टवर सही कोण करणार आणि तोच माणूस साइटवर येणार का ते लेखी घ्या. किती कॉलमवर कुठल्या टेस्ट होणार ते कोटेशनमध्येच लिहून मागा, रिपोर्टमधल्या प्रत्येक फोटोखाली कुठला फ्लॅट, कुठला बीम हे पाहिजे म्हणून सांगा. आणि ज्या कोटेशनमध्ये एकही कव्हर फोडायचं नाही असं दिसेल ते स्वस्त असलं तरी बाजूला ठेवा.