पोटाचं ‘नेहमीचंच’ आहे, मग डॉक्टरकडे कधी जायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहितोय. प्रश्न बहुतेक वेळा एकाच चालीत येतो: ‘ॲसिडिटी, गॅस, पोट साफ न होणं, हे आमचं नेहमीचंच. घरचं काहीबाही चालू असतं. डॉक्टरकडे नेमकं कधी जायचं?’

खरी गोम त्या ‘नेहमीचंच’मध्ये आहे. पोट किती दुखतं यावरून आजार किती मोठा, ते कळत नाही. गॅस धरला की माणूस गडाबडा लोळतो, आणि आतड्यातली गाठ महिनोन्‌महिने चकार शब्द काढत नाही. म्हणून दोनच गोष्टी बघायच्या: किती दिवस चाललंय, आणि नेहमीपेक्षा काय बदललंय.

लग्नाचं जेवण, जागरण, उपासाची साबुदाणा खिचडी यानंतर दोन-तीन दिवस पोट बिघडलं तर ताक-भात आणि मुगाची खिचडी पुरते. पण आठवड्यातून दोनदा-तीनदा घशाशी येतंय आणि असं महिनाभर चाललंय, किंवा शौचाची सवय तीन आठवडे झाले तरी मूळपदावर आलेली नाही, तर फॅमिली डॉक्टरची वेळ घ्या. पन्नाशीनंतर अशी तक्रार आयुष्यात पहिल्यांदा सुरू झाली असेल तर इतकंही थांबू नका.

आता गोळीबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅमची गोळी पुष्कळ घरांत चहासारखी रोजची झाली आहे, आणि तीही बरेचदा जेवण झाल्यावर, छातीत जळजळायला लागलं की घेतली जाते. जठरात आम्ल सोडणारे पंप अन्न आल्यावर कामाला लागतात आणि ही गोळी चालू असलेल्या पंपांनाच कुलूप घालते. म्हणजे अन्न पोचण्याआधी औषध रक्तात असायला हवं: रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते पाऊण तास आधी, न चावता, न कुटता. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. जळजळल्यावर लगेच आराम हवा असेल तर त्याला पातळ अँटासिड आहे, ही गोळी नव्हे. अशी नीट घेऊनही १४ दिवसांत फरक पडला नाही, किंवा बंद केली की पुन्हा तेच, तर मेडिकलमधून पुढची स्ट्रिप आणायची नाही. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम सोडली की काही दिवस आम्ल उलट जास्त सुटतं आणि ‘बघा, हिच्याशिवाय चालतच नाही’ असा समज होतो. ती डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू उतरवता येते. काहींना ती खरोखरच कायम लागते, पण ते डॉक्टरने ठरवायचं.

गुडघ्यासाठी किंवा पाठीसाठी डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅकसारखी दुखणं थांबवणारी गोळी रोज चालू असेल तर ते आधी सांगा. या गोळ्या जठराचं अस्तर राखणारी यंत्रणा ढिली करतात आणि अल्सर होतो. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. त्याचा शोध लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. त्याची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर पॅन्टोप्राझोल दोन आठवडे आधी बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

काही खुणा मात्र दिवस मोजत बसण्याच्या नाहीत. डांबरासारखं काळं, चिकट, फ्लश केल्यावरही भांड्याला लागून राहणारं आणि उग्र वासाचं शौच म्हणजे अन्ननलिका-जठराकडच्या वरच्या भागातलं पचलेलं रक्त. त्याला ५०-१०० मिलिलिटर रक्तही पुरतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळसर-हिरवं होतं, पण ते असं चिकटत नाही आणि तसा वासही येत नाही. डांबरी शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

जेवण कमी न करता पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं तर आधी वजन करा. सहा महिने-वर्षभरात पाच टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो, आपोआप उतरणं ही तक्रारच आहे. घास अडकणं हीही. आधी भाकरी, मग भात, मग पातळ पेज, असा क्रम लागला तर उशीर नको. जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावं लागत असेल तर ‘टेन्शनमुळे होतं’ यावर विसंबू नका. टेन्शनचं आतडं सहसा माणसाबरोबर झोपतं. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं आणि बेंबीच्या उजवीकडे खाली दुखणं असं एकत्र आलं तर आपल्याकडे आतड्याचा टीबी आठवलाच पाहिजे. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांत लोह कमी होऊन हिमोग्लोबिन उतरलं, तर नुसतं टॉनिक देऊन भागत नाही, रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं. आणि पन्नाशीपुढच्या बाईचं पोट नव्याने सतत फुगलेलं राहत असेल, चार घासांत भरत असेल, तर तो गॅस समजू नका. अंडाशयाची तपासणी हवी.

शौचावाटे ताजं लाल रक्त पडलं की घरोघरी निदान ठरलेलं, मूळव्याध. असेलही. पण मूळव्याध असलेल्याला गाठ होत नाही, असा काही नियम नाही. बोटाने तपासायला मिनिटभर लागतं. लाजेपायी लोक ते मिनिट दोन-दोन वर्षं लांबवतात.

छातीच्या खाली गच्च भरल्यासारखं वाटतंय, घाम फुटलाय, जबडा किंवा हात भरून आलाय, जिना चढताना वाढतं आणि थांबलं की कमी होतं, तर सोडा पिऊन ढेकर यायची वाट बघू नका. ते हृदयाचं असू शकतं, मधुमेह्यांत तर फारसं न दुखताही. महाराष्ट्रात अँब्युलन्ससाठी १०८ लावा आणि आधी ईसीजी काढा.

जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: काय खाल्लं, किती वाजता दुखलं, शौच किती वेळा, शौचाला जाऊन आल्यावर बरं वाटलं का. चालू औषधांच्या स्ट्रिपा पिशवीत टाका, चूर्णाची डबीसुद्धा. पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही काहींना जुलाब होतात, आणि त्यापायी लोक वर्षभर दूध-डाळी सोडून बसतात. गव्हाचा संशय असेल तर तपासणीआधी पोळी बंद करू नका, सीलिॲकची, म्हणजे गहू न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराची, रक्ततपासणी त्याने फसते.

आणि ‘सोनोग्राफी तर नॉर्मल आली’ म्हणून निर्धास्त होऊ नका. सोनोग्राफीत पित्ताचे खडे, यकृत, मूत्रपिंड दिसतं. जठराच्या आतलं अस्तर आणि आतड्यातली लहान गाठ दिसत नाही. त्यासाठी दुर्बीण घालावी लागते. वरची म्हणजे एंडोस्कोपी, सहा-आठ तास उपाशी राहून, घशात बधिर करणारा फवारा मारून, साधारण पाच-दहा मिनिटांची. खालचीला, म्हणजे कोलोनोस्कोपीला, आदल्या दिवशी औषधाचं दोन-तीन लिटर पाणी पिऊन आतडं धुवून काढावं लागतं. तपासणीपेक्षा तो आदला दिवसच जास्त जड जातो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सुट्टी असली तरी आदल्या दुपारनंतर कामावर थांबू नका.