दिल्लीच्या सहलीत पानिपत हवंच

मेअखेरीस दिल्ली? ज्याला सांगावं तो आधी हेच विचारायचा. पण मुलांना सुट्टी तेव्हाच असते आणि थंडीत आबांचे गुडघे धरतात, त्यामुळे डिसेंबर बाद. मग उन्हाचाच हिशेब मांडून बेत आखला. सकाळी उघड्यावरची ठिकाणं, दुपारी राष्ट्रीय संग्रहालय नाहीतर खोलीत ताणून द्यायची. सोमवारी लाल किल्ला आणि संग्रहालय दोन्ही बंद, म्हणून तो दिवस हुमायूनच्या कबरीला. भल्या सकाळी तिथे गेलो तर बागेत गारवा होता, गर्दी नव्हती. कुतुबमिनार, लोधी बाग, इंडिया गेट सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

लाल किल्ल्यात मात्र बेत मोडला.

दिवाण-ए-खाससमोर दोरी लावलेली आहे, आत जाता येत नाही. बाहेरूनच पांढरे संगमरवरी खांब दिसतात, खाली रंगीत दगडांची जडवलेली फुलं आणि वर सोनेरी नक्षी. शेजारच्या घोळक्याला एक गाईड सांगत होता, "इथे मयूरासन होतं, ते नादिरशहाने नेलं. छत चांदीचं होतं, ते मराठ्यांनी लुटलं. चला पुढे." एवढं बोलून तो निघालाही.

आबा तिथेच थांबले. रागावले नव्हते, पण त्यांना तसं सोडून पुढे जाववेना. मुलांना कठड्याच्या सावलीत बसवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. नादिरशहा 1739 साली आला आणि लूट घेऊन इराणला परत गेला. भाऊसाहेब दिल्लीत आले ते 1760 च्या पावसाळ्यात. यमुनेला पूर, पलीकडे अब्दाली. अलीकडे एवढी मोठी फौज, सोबत बायकामुलं आणि यात्रेकरू, आणि खजिन्यात खडखडाट. छताची चांदी उतरवून त्याचे रुपये पाडले ते शिपायांचा पगार भागवायला. "चांदी काढली हे खरंच आहे," आबा म्हणाले, "पण कशासाठी काढली, तेही सांगायला नको का?"

धाकटीने मान वर करून पाहिलं. आता तिथे रंगवलेलं लाकडी छत आहे. "मग ते जिंकले का?" तिने विचारलं.

आबांनी उत्तर दिलं नाही. रात्री खोलीवर आल्यावर म्हणाले, "आग्रा राहू दे. पानिपतला जाऊ."

थोरला ताजमहालासाठी हटून बसला होता, त्याची समजूत काढता काढता नाकी नऊ आले. दुसऱ्या दिवशी दिल्लीतच चांदणी चौकात हिंडलो. तिथे गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिनाची छबील लागली होती. शीख मुलं रिक्षा अडवून गुलाबी, गोड, थंडगार दूधपाणी हातात देत होती; आबांना दोनदा आग्रह करून पाजलं. 1606 साली लाहोरच्या रणरणत्या उन्हात गुरूंचे हाल करून त्यांना मारलं, म्हणून त्या आठवणीत वाटसरूंना गार पाजायचं. दिल्लीचं ऊन खरोखर सोसवलं ते या लोकांमुळे.

पानिपत दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटरवर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. काला आम इथे लढाईचं स्मारक आहे. आबांनी चपला काढल्या, तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि नातवंडांना सांगितलं, 14 जानेवारी 1761. धाकटीला तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. थोरल्याने ताजमहालाचं नाव काढलं नाही.

आपल्याकडच्या सहल कंपन्यांची पत्रकं परत आल्यावर मुद्दाम चाळली. दिल्ली-आग्रा-मथुरा, दिल्ली-हरिद्वार-मसुरी, सगळं आहे. जेवण मराठी पद्धतीचं, पुरणपोळीसुद्धा मिळेल. पानिपत एकातही दिसलं नाही. याचा मला मनापासून राग येतो. जानेवारीत आपण त्या लढाईच्या नावाने उसासे टाकतो आणि मेमध्ये तिथून दोन तासांवर उतरून आग्र्याची बस पकडतो.