लाल आकृती कुठे होती?

‘येताना केस धुऊन या, तेल लावू नका,’ असं ईमेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ॲमस्टरडॅमला शिकायला आल्यापासून माझ्या डोक्याला तेल लागलंच नव्हतं, त्यामुळे ती अट आपोआप पूर्ण झाली. (आईला हे सांगितलेलं नाही.) मेंदूच्या लहरी मोजण्याच्या प्रयोगात बसलं की थोडे पैसे मिळत होते, म्हणून नाव दिलं होतं. मेंदूबद्दलचं कुतूहल वगैरे नंतरचं.

बिनखिडकीची लहानशी खोली. डोक्यावर पोहण्याच्या टोपीसारखी टोपी, तिच्यात ६४ जागी इलेक्ट्रोड, आणि प्रत्येकाखाली बोथट सिरिंजने जेल. पाऊण तास यातच गेला. पीएचडी करणाऱ्या मुलीने मग माझ्या मेंदूच्या लहरी स्क्रीनवर दाखवल्या. पापणी लवली की तिथे डोंगर उठायचा, दात आवळले की नुसता झाडोरा. आकृत्या दिसत असताना पापण्या मिटू नका, म्हणाली. ते ऐकल्याक्षणी डोळे चुरचुरायला लागले.

काम सोपं होतं. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची. भोवती आठ आकृत्या यायच्या: सात वर्तुळं आणि एक पत्त्यातली चौकट, किंवा उलट. जी वेगळी असेल तिच्यातली रेघ उभी की आडवी, ते बटण दाबून सांगायचं. सगळ्या आकृत्या हिरव्या, पण बऱ्याचदा त्यांतली एक लाल. तिचा कामाशी काही संबंध नाही हे आधीच सांगितलेलं. तरी पहिली दहा मिनिटं ती मला ओढत होती. ठिपका सोडला नाही, पण हात अडखळायचा. रंग निरुपयोगी आहे हे पक्कं ठाऊक असूनही तो माणसाला उशीर करवतो, हे मानसशास्त्रज्ञ यान तेउवेस यांनी १९९२ मध्ये याच शहरात नव्हे तरी याच जातीच्या प्रयोगाने दाखवलं होतं, हे मला नंतर कळलं.

तासाभराने लाल दिसेनासंच झालं. म्हणजे असणार, पण मला त्याचं काही वाटेना. मनात रात्रीच्या भाजीचा विचार, बोटं आपली चालू.

शेवटी तिने एक कागद पुढे केला. लाल आकृती एखाद्या ठिकाणी जास्त वेळा येत होती का? मी म्हटलं, नाही. तरीही एक जागा निवडा. मी वर उजवीकडे फुली मारली.

खरी जागा होती डावीकडे खाली. लाल आकृती जेव्हा यायची, तेव्हा शंभरातल्या पासष्ट वेळा तिथेच. ही मांडणी तेउवेस आणि त्यांचे सहसंशोधक वांग यांच्या २०१८ च्या प्रयोगावरून घेतलेली. माझे आकडे तिने काढून दाखवले: लाल तिथे आली की मी कमी अडखळत होतो, इतरत्र आली की जास्त. मला पत्ता नसलेली जागा माझ्याच डोक्याने कधीच झाकून टाकली होती.

लहरींत ते दिसतं का, असं मी विचारलं. एका वेळच्या लहरीत काही कळत नाही. शेकडो वेळांची सरासरी काढली की डोक्याच्या मागच्या भागात, लाल ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूला, एक छोटासा धन (पॉझिटिव्ह) विद्युत उंचवटा येतो, म्हणाली. लाल आकृतीकडे जाणारं लक्ष दाबून टाकण्याची खूण म्हणून तो वाचतात.

मग तिने आणखी एक आकडा दाखवला. मला शोधायची ती आकृती त्याच डाव्या कोपऱ्यात आली, तेव्हा लाल कुठेच नसतानाही मी सगळ्यात सावकाश होतो.