ओझरहून दिल्लीला रायफल नेताना

पुढच्या महिन्यात दिल्लीत तुघलकाबादला कर्णी सिंग रेंजवर नेमबाजीची मॅच आहे आणि माझी भाची पहिल्यांदाच एकटी जाणार आहे, सोबत आत्या नाही, बाबा नाही, कोच दोन दिवस आधीच पोहोचणार. चार दिवस झाले, रोज रात्री फोन, आत्या विमानात रायफल चेक-इनमध्ये द्यायची म्हणजे नक्की काय काय करायचं गं. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून ती निम्मं विसरणार, म्हणून एकदाचं लिहूनच काढते, क्लबातल्या बाकी पोरापोरींनाही उपयोगी पडेल. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळालं, तो आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, तेव्हापासून रायफल हातात घेणारी मुलं वाढलीत आणि ती सगळी कधी ना कधी पेटी घेऊन विमानतळावर उभी राहणारच आहेत.

तिची हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल आणि माझी टू-टू, म्हणजे काडतुसाची पॉइंट २२ बोअरची रायफल, कायद्याने या दोन वेगळ्या गोष्टी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पॉइंट १७७ म्हणजे साडेचार मिमी बोअर आणि २० जूलपर्यंतची ताकद असेल तर एअरगनला लायसन्स लागत नाही. टू-टूला लागतंच, आणि त्यावर दुसऱ्या राज्यात न्यायची मुभा आहे का ते निघायच्या आदल्या दिवशी नाही तर महिनाभर आधी उघडून बघायचं. पण विमान कंपनीसाठी दोन्ही हत्यारंच. केबिनमध्ये कुठलीच जाणार नाही, त्यांचे सुटे भागसुद्धा नाही, बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा रायफलीचा दांडा, पर्समध्ये टाकून नेऊ असं कोणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. लायसन्स नसलं तरी एअर रायफलचं बिल, मॅचच्या एंट्रीचा कागद, असोसिएशनचं पत्र आणि ओळखपत्र एका फाइलमध्ये ठेवायचं आणि ती फाइल हातात ठेवायची, पेटीत नाही. तिकीट काढल्या काढल्या कंपनीला कळवायचं की स्पोर्ट्स रायफल आहे, बऱ्याच कंपन्या हत्यार हाताळायचे वेगळे पैसे घेतात. आणि डोमेस्टिकला साधारण १५ किलोच फुकट असतं, त्यात एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत, चांगली पेटी सहा-सात किलो, म्हणजे जॅकेट, पँट, बूट याचं वजन जास्तीचं होणार हे धरूनच चालायचं.

आता पेटी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण यातच माझं नुकसान झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मॅचला जाताना माझ्याकडे सेकंडहँड प्लॅस्टिकची पेटी होती, मध्ये हँडलजवळ दोन कुलपं, कडेच्या दोन्ही बाजूंना नुसत्या क्लिपा. उतरल्यावर पेटी हातात आली तेव्हा कुलपं जिथल्या तिथे होती पण डावा कोपरा बोटभर उचकटलेला आणि त्यातून फोमचा तुकडा बाहेर लोंबत होता. आतून काही गेलं नव्हतं, पण डायॉप्टरला, म्हणजे नेम धरायच्या मागच्या साइटला, दणका बसला होता, सरावाचे दोन तास नुसतं झीरो करण्यात, म्हणजे नेम पुन्हा जुळवण्यात गेले आणि मॅच कशी झाली ते सांगत नाही. तक्रार केली, फॉर्म भरला, पुढे काहीच झालं नाही. त्या दिवसापासून कुठलीही पेटी घेताना मी एकच गोष्ट करते, रिकामी पेटी कुलपं लावून जमिनीवर ठेवायची, गुडघा टेकवायचा आणि कोपऱ्यात दोन्ही हातांची बोटं घालून जीव खाऊन ओढायचं. बोट आत गेलं तर ती पेटी कुलूपबंद नाहीच, कुलूप कितीही महागाचं असू दे. कडी अडकवायची भोकं दोन्ही टोकांजवळ पाहिजेत, मध्ये नाही, आणि जितकी भोकं तितकी कुलपं लावायची, एकही रिकामं सोडायचं नाही.

साध्या चेनच्या सुटकेसमध्ये एअर पिस्तूल कपड्यात गुंडाळून नेणारे मी बघितलेत. कृपा करून असं करू नका. मी भाचीला आमच्या डायनिंग टेबलावर करून दाखवलं होतं, बॉलपेनचं टोक चेनच्या दातांमध्ये दाबलं की चेन फाकते, आतलं हाताला लागतं, आणि मग कुलूप लावलेले दोन्ही रनर एकत्र धरून पूर्ण चेनवरून एकदा फिरवले की चेन पुन्हा होती तशी. कोणी उघडलं होतं हे घरी आल्यावरसुद्धा कळणार नाही. ती बघून गप्पच झाली.

कुलूप किल्लीचं घ्या, जाड कडीचं. ते लाल चौकोनी खुणेचं टीएसए, म्हणजे अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा खात्याला उघडता येणारं कुलूप लोक घेतात कारण दुकानदार भारी म्हणून देतो, पण त्याला मास्टर किल्ली चालते, आणि त्या किल्ल्यांचा फोटो पेपरात छापून आल्यावर २०१५ मध्ये लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या बनवल्या होत्या. कपड्यांच्या बॅगेला ठीक आहे, रायफलला नाही. खुद्द अमेरिकेतला नियमच असा आहे की बंदूक रिकामी, पेटी कडक आणि कुलूपबंद, काउंटरवर स्वतःहून सांगायचं आणि किल्ली फक्त प्रवाशाकडे. शिवाय आत बंदूक आहे असं सांगणारं लेबल पेटीच्या बाहेर लावायला विमान कंपनी भाग पाडू शकत नाही, तिथे तसा कायदा आहे. मला हे फार पटतं. आपली पोरं पेटीवर रायफल कंपनीचे मोठे मोठे स्टिकर लावतात, हौस म्हणून ठीक, पण बेल्टवर फिरणाऱ्या शंभर बॅगांमध्ये कुठल्या पेटीत चार-पाच लाखांचा माल आहे ते आपणच सांगतोय. नाव आणि फोन नंबर आतून फोमवर पण लिहा, बाहेरचा टॅग फाटला तर उपयोगी पडतो.

बोल्ट काढून वेगळा, तो मी दुसऱ्या चेक-इन बॅगेत देते, म्हणजे पेटी एकटी कोणाच्या हाती लागली तरी ती रायफल चालणार नाही. डायॉप्टर पण काढून, जाड मोज्यात गुंडाळून त्याच बॅगेत. एअर रायफलचं दाबाची हवा भरलेलं सिलिंडर काढून पूर्ण रिकामं करायचं. नुसतं रायफलीपासून सोडवलं की हवा जात नाही, व्हॉल्व्ह ती आतच धरून ठेवतो, हवा सोडायचा स्क्रू लावून काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं. काउंटरवर काटा बघतात. २०० बारचं सिलिंडर भरलेलं न्यायला कोणीच देणार नाही, आणि रेंजवर भरून मिळतंच. त्याच्यावरची तारीखही बघून घ्या, दहा वर्षं झाली की मॅचच्या इक्विपमेंट कंट्रोललाच, म्हणजे साहित्याच्या तपासणीतच अडकाल.

काडतुसांना नियम सरळ आहे, एका माणसामागे पॅकिंगसकट ५ किलो, आणि मैत्रिणीचे ५ आणि माझे ५ असे १० किलो एका डब्यात चालत नाहीत. टू-टूच्या ५०० राउंडचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास भरतं, म्हणजे मॅचपुरतं भरपूर झालं. मूळ खोक्यातच ठेवायची, सुटी नाही.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. मागच्या वर्षी निघायच्या आदल्या रात्री मी शूटिंग जॅकेट बाल्कनीत झटकत होते आणि फरशीवर टण्ण असा आवाज झाला. एक राउंड, खिशाच्या शिवणीत अडकलेला. तेच जॅकेट वजन वाचवायला मी केबिन बॅगेत टाकणार होते. एक्सरेमध्ये एक जिवंत काडतूस दिसलं तर विमान सुटतंच, वर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. ताबा म्हणजे जाणूनबुजून ठेवलेला ताबा असं सुप्रीम कोर्टाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात म्हटलंय आणि चुकून राहिलेल्या एखाद्या काडतुसाच्या केसेस हायकोर्टांनी रद्दही केल्यात, पण तिथपर्यंत जायला वकील, तारखा, पैसे, आणि एकोणीस वर्षांच्या पोरीच्या नावावर तेवढे दिवस केस. म्हणून रेंजवर वापरलेली बॅग केबिनमध्ये न्यायचीच नाही. जॅकेट, पँट, ट्रॅकसूट, ग्लोव्ह, सगळे खिसे उलटे करून, शिवणीतून बोट फिरवून बघायचे. पेलेटचे, म्हणजे एअर रायफलच्या छर्र्यांचे डबे पण चेक-इनमध्येच.

ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, दोन तास आधी जा, जमलं तर अडीच. लायनीत मोठ्याने बंदूक आहे म्हणायचं नाही, मागचे लोक घाबरतात, आपला नंबर आला की शांतपणे सांगायचं, मॅडम स्पोर्ट्स रायफल डिक्लेअर करायची आहे, आणि फाइल पुढे करायची. उघडा म्हणाले तर आपण उघडायची, बोल्टची जागा रिकामी दाखवायची, पुन्हा आपणच कुलूप लावायचं, किल्ली कोणाच्या हातात द्यायची नाही. मग टॅग लागला म्हणून कॉफी प्यायला जायचं नाही. पेटी स्क्रीनिंगमधून पास झाली असं कोणीतरी तोंडाने सांगेपर्यंत तिथेच उभं राहायचं, कारण शंका आली तर ते तुम्हालाच शोधणार, आणि तुम्ही सापडला नाहीत तर पेटी खालीच राहते. दिल्लीत उतरलं की वॉशरूम नंतर, आधी बेल्ट. लांब पेट्या कधी कधी मोठ्या सामानाच्या वेगळ्या बेल्टवर येतात, कधी माणूस हातात आणून देतो, तिथल्या स्टाफला लगेच विचारायचं. मिळाली की बाहेर पडायच्या आधी कोपरे दाबून बघायचे आणि काही वाटलं तर तिथेच लिहून द्यायचं, हॉटेलवर गेल्यावर कोणी ऐकत नाही.

भाची रविवारी पेटी घेऊन येतेय. वाण्याच्या काट्यावर वजन करू आणि मग दोघी मिळून कोपरे ओढून बघू. येताना शूटिंग जॅकेट पण आण म्हटलंय.