लिव्हर मागे ओढला आणि ट्रॅक्टर सुटला

जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं काम करता करता बरीच वर्षं गेली पण ही केस अजून डोक्यातून जात नाही. एक ट्रॅक्टर आला, पुढचा अ‍ॅक्सल वाकलेला. चालवणारा पोरगा पंचविशीचा, त्याला काही लागलं नव्हतं पण बोलताना हात थरथरत होते. म्हणाला, काका, भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर होतो, स्पीड कमी करायला लिव्हर मागे ओढला तर ट्रॅक्टर स्लो व्हायच्या ऐवजी पळतच सुटला, ब्रेक फेल झाला असणार.

आम्ही आधी ब्रेकच खोलले. लायनिंग चांगली जाड, तेलाचा थेंब नाही, दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे मागून रेटणाऱ्या ट्रॉलीच्या वजनापुढे ब्रेक एकटे कमी पडले होते, बिघडले नव्हते. मग आमच्याकडच्या पोरांनी ठरवूनच टाकलं की गिअरबॉक्समध्ये काहीतरी तुटलंय, ट्रॅक्टर मधून उघडायचा. मी थांबवलं आणि त्या मुलाला परत एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यात तो सहज बोलून गेला, "लिव्हर ओढल्यावर इंजिनचा आवाज एकदम पडला, आणि ट्रॅक्टर मात्र वाढतच गेला." तिथेच मला कळलं.

हा लिव्हर काय आहे ते सांगतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये नांगर चालू असताना गिअर बदलताच येत नव्हता, क्लच दाबला की माती नांगराला धरून ठेवते आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबतो, मग खालचा गिअर टाकून परत शून्यातून सुरुवात. यावर इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1954 च्या सुपर एम-टीए ट्रॅक्टरमध्ये टॉर्क अ‍ॅम्प्लिफायर आणला. मुख्य गिअरबॉक्सच्या आधी प्लॅनेटरी गिअरचा (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तसला) एक जोड, क्लच न दाबता लिव्हर ओढला की स्पीड सुमारे एक तृतीयांश कमी आणि ओढ साधारण 48 टक्के जास्त, पाच गिअरचे सरळ दहा झाले. मॅसी फर्ग्युसनच्या 1962 च्या मल्टी-पॉवरची रचना वेगळी, पण हेतू तोच. मला विचाराल तर त्या काळातली ही सगळ्यात हुशार कल्पना, कारण ओढ एका क्षणासाठीही तुटत नाही.

आणि ती तुटत नाही ती वनवे क्लचमुळे. तिरक्या खाचांमध्ये बसलेले छोटे रोलर, एका दिशेला ताकद आली की ते खाचेत अडकून घट्ट धरतात, दुसऱ्या दिशेला मोकळे फिरतात. लो मध्ये, म्हणजे लिव्हर मागे असताना, इंजिन चाकांना ओढतं तोवर सगळं पक्कं. पण उतारावर उलटं होतं, चाकंच इंजिनाला ढकलायला लागतात, रोलर सुटतात आणि इंजिनचा धरून ठेवायचा जोर शून्य! सायकलचं पॅडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, अगदी तसं.

त्याला दाखवायचं म्हणून इंजिन बंद ठेवून, गिअर टाकून, मागचं एक चाक जॅकवर उचललं. लिव्हर पुढे असताना चाक कुठल्याच बाजूला हलेना, इंजिनचं कॉम्प्रेशन हाताला लागत होतं. लिव्हर मागे घेतला. मागच्या दिशेला चाक तसंच घट्ट, पण पुढच्या दिशेला एका हाताने फिरलं. म्हणजे लो मध्ये गिअर टाकून उतारावर उभा केला तरी तो पुढे घरंगळू शकतो, हे पण लक्षात ठेवा. रोलर चांगले होते, आतलं काही तुटलं नव्हतं, गिअरबॉक्स ज्यासाठी बनवला तेच करत होता. हे जास्त भीतीदायक वाटलं मला.

ट्रॅक्टर त्याच्या वडिलांचा. त्यांना हे माहीत असणारच, एवढी वर्षं सांभाळून चालवला होता, पण सांगायचं राहून गेलं आणि मशीनवर कुठे लिहिलेलं उरलं नव्हतं.

अ‍ॅक्सल बदलला, ब्रेक नीट सेट केले. लिव्हरच्या शेजारी पत्र्यावर पांढऱ्या रंगाने मी स्वतः लिहिलं, "उतारावर लिव्हर पुढेच, खालचा गिअर वरूनच टाकून उतरा." जॅक काढणार तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, काका थांबा, आणि खाली बसून एकटाच ते चाक पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत राहिला.