आमची वाटचाल : त्या रात्रीच्या नोंदी

खोल खोदाईला आधार देणं हा आमचा धंदा. खड्ड्याच्या भिंतीला लावलेली आडवी तुळई म्हणजे वेलर, समोरासमोरच्या वेलरमध्ये बसवलेला टेकू म्हणजे स्ट्रट, आणि जॅकने स्ट्रटला आधीच दिलेला दाब म्हणजे प्रीलोड. काम झालं की आमचा माल निघून जातो, म्हणून उद्घाटनाच्या फोटोत आम्ही कधी दिसत नाही. त्याचं दुःख नाही. दुःख दुसरंच आहे.

सुरुवात दोघांनी केली. जॅक भाड्याचे होते, पण पहिल्या बिलातून भागीदाराने स्ट्रटवरचा भार मोजणारे लोड सेल घ्यायला लावले. तो म्हणायचा, "गेज तेलाचा दाब सांगतो, जॅक काढल्यावर स्ट्रटमध्ये काय उरलं ते सांगत नाही." पुढची बरीच वर्षं नीट गेली.

मग ते डिझाइन-बिल्डचं, म्हणजे डिझाइन आणि बांधकाम एकाच हाती असलेलं काम आलं. डिझाइन मुख्य कंत्राटदाराचं, तपासणारा माणूसही त्याचाच. वरचे दोन थर आम्ही बसवले. खालच्या थरासाठी स्टिफनर प्लेटा (स्ट्रट टेकतो तिथे वेलरला बळकटी देणाऱ्या) वेळेत मिळेनात, तेव्हा निरोप आला : त्यांच्या जागी चॅनेल (C आकाराचे पोलादी तुकडे) लावा, क्षेत्रफळ तेवढंच भरतं. भागीदाराने सुधारित ड्रॉइंग मागितलं. उत्तर मिळालं, "डिझाइन आमचं, बांधकाम आमचं, कागद कशाला?"

या धंद्यात सिंगापूरचं निकोल हायवे कुणी विसरू नये, तिथे मेट्रोची खोल खोदाई कोसळली. २० एप्रिल २००४. तेही डिझाइन-बिल्ड. मातीचं बळ हिशेबात जास्त धरलेलं, आणि जोडावर प्लेटांच्या जागी चॅनेल. असा जोड कमाल भारापर्यंत तग धरतो आणि त्यापुढे एकदम भार सोडतो. तो भार वरच्या स्ट्रटवर जातो. ४ माणसं गेली.

आम्ही नकार दिला. दुसऱ्या एकाने एका दिवसात होकार दिला आणि तो थर त्याने बसवला.

रात्रपाळीत आमच्या दुसऱ्या थराचे लोड सेल चढायला लागले. खोदाई थांबलेली, तरी आकडा दर तासाला वर. भागीदार बॅटरी घेऊन खाली उतरला. खालच्या वेलरच्या वेबवर, म्हणजे तुळईच्या मधल्या पट्टीवर, रंगाला तिरक्या सुरकुत्या पडल्या होत्या, बोट लावलं की पापुद्रे गळत होते. त्याने कुणाला न विचारता सगळी माणसं वर काढली. पहाटेपर्यंत भिंतीच्या पायथ्याशी माती परत भरली. कुणाला खरचटलंही नाही.

आणि खोळंब्याचा ठपका आमच्यावर! बिल अडवलं, सुरक्षा ठेव अडवली. अर्धे जॅक विकावे लागले. आमच्या पहिल्या ग्राहकाने पुढच्या कामाची आगाऊ रक्कम दिली, म्हणून कामगारांचे पगार तरी झाले. त्याचे उपकार फिटणार नाहीत.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनो, डिझाइन आणि बांधकाम एकाच हाती असेल तर बदलाचा कागद जास्त लागतो, कमी नाही. रिव्हिजन नंबर आणि सही आल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नका. तपासणारा कंत्राटदाराच्या पगारावरचा नको, आणि लोड सेलच्या नोंदी थेट त्याच्याकडेही गेल्या पाहिजेत.

तो दुसरा आज मोठमोठी कामं करतो. त्या रात्रीच्या नोंदींचा कागद आमच्या कार्यालयात आहे, तासातासाचे आकडे भागीदाराच्या हस्ताक्षरातले. ज्याला बघायचा असेल त्याने यावं.