घंगाळाचं बूड आणि कसबा पेठ

आईच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ गळायला लागलं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचं पाणी आमच्याकडे त्यातच काढतात, त्यामुळे मोडीत घालायचा प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, "तांबट आळीत घेऊन जा. दुसरीकडे कुठे दाखवू नकोस." तिचं बालपण पुण्याच्या कसब्यातल्या वाड्यात गेलं. तो वाडा आता नाही, पण कसब्याचं काम कसब्यातच व्हावं हा तिचा हट्ट अजून आहे.

स्वारगेटहून मेट्रोनं कसबा पेठ हे दुसरं स्टेशन. जुन्या चादरीत गुंडाळलेलं घंगाळ काखेत धरून मी वर आले. पहिल्यांदा कसबा गणपतीला गेले, कारण पुण्यात कुठलंही काम आधी त्याच्या कानावर घालायचं असतं. लग्नाची पहिली अक्षत त्याला, विसर्जन मिरवणुकीत पहिला मान त्याचा. शेंदराच्या जाड थराखालचा हा तांदळा, म्हणजे न घडवलेला दगडी देव, जिजाबाईंच्याही आधीचा मानतात. देऊळ जिजाबाईंनी बांधवलं.

त्या आल्या तेव्हाचं पुणं कसं होतं, याचा विचार या गल्ल्यांत माझ्या मनात दर वेळी येतो. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं हे गाव जाळलं, कोट पाडला. गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकून तिला फाटकी वहाण टांगली, असं सांगतात. अशा ओसाड जागेवर लहानग्या शिवाजीराजांना घेऊन जिजाबाई राहायला आल्या आणि दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली गाव पुन्हा वसलं. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवल्याची कथा आपण शाळेत ऐकतो. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट: इथे घर बांधलं तर ते राहील, असा भरवसा कुणीतरी लोकांना दिला.

लाल महाल देवळाच्या अगदी जवळ. आजची इमारत महापालिकेनं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात बांधली, तीही मूळ जागेच्या थोड्याच भागावर. शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती ५ एप्रिल १६६३ ची रात्र या परिसरातली. मुलांना दाखवायला जरूर न्या. पण बहुतेक पाहुणे लाल महाल बघतात, रस्ता ओलांडून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढतात आणि परत जातात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची. त्याआधी कितीतरी वर्षं पुणं म्हणजे कसबा होतं. भोवतालच्या पेठा पुढे एकेक करून वसत गेल्या. कसब्याला वाराचं नाव नाही ते त्यामुळेच.

इथल्या आळ्यांची नावं नुसती वाचत चाललं तरी गाव कसं चालायचं ते कळतं. शिंपी आळी. फणी आळी, म्हणजे फण्या करणाऱ्यांची. कागदीपुरा हाती कागद बनवणाऱ्यांचा. नदीच्या अंगाला कुंभारवाडा. फण्या गेल्या, कागद गेला. तांबट आळीत मात्र अजून आवाज आहे.

तो आवाज आळीच्या तोंडाशीच कानावर येतो. एक हातोडी नसते, चार घरांत चार असतात आणि प्रत्येकीची चाल वेगळी. आई सांगते, दुपारी हातोड्या थांबल्या की जेवायची वेळ झाली हे घड्याळ न बघता कळायचं. इथले कारागीर त्वष्टा कासार. पेशव्यांनी त्यांना कोकणातून आणलं, असं ते स्वतः सांगतात.

मी ज्यांच्याकडे गेले ते काका जमिनीवर बसून हंड्याचं मठारकाम करत होते. लोखंडी दांड्यावर हंडा आडवा घातलेला, डाव्या हातानं तो केसभर फिरवायचा आणि उजव्या हातानं ठोका द्यायचा. ठोक्याशेजारी ठोका, ओळीखाली ओळ. कुठे खूण केलेली नाही, तरी ओळ वाकडी जात नव्हती. ती नक्षी नुसती शोभेची नसते. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, भांडं ताठ राहतं. फार कडक झालं तर तडकेल, म्हणून मधेमधे लाल होईपर्यंत तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं.

त्यांनी घंगाळ घेतलं, उजेडाकडे धरलं, आत अंगठा फिरवला. "ताई, बूड गेलंय. अंग चांगलं आहे. बूड नवीन घालू." मग त्यांनी ते उपडं केलं आणि बुडाच्या कडेवर नख ठेवलं. इतकी वर्षं मी ते घंगाळ घासलं, पण तिथली रेघ कधी नीट पाहिली नव्हती. ती सरळ नव्हती, दातेरी होती, आणि जरा पिवळसर. एका पत्र्याच्या काठाला दाते पाडून, दुसऱ्याचा काठ त्यांत आलटून-पालटून अडकवलेला. सांध्यावर पितळेचा कीस आणि टाकणखार घालून भट्टीत झाळलेला. "हे मूळचं बूड नव्हे," काका म्हणाले. "रंग बघा, पत्रा बघा. एकदा बदललेलं आहे. हाताचं काम आहे, इथलंच असणार."

तिथूनच आईला फोन लावला. तिला काहीच आठवेना. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा हे घंगाळ गाळातून काढल्याचं तिला आठवतं, आणि तेव्हाही बूड असंच होतं म्हणते. म्हणजे दुरुस्ती त्याच्या आधीची. आजीनं, नाहीतर तिच्या सासूनं, हेच घंगाळ असंच काखेत घेऊन ही आळी गाठली असणार. वाड्यापासून इथपर्यंत पाच मिनिटांची वाट.

पुण्याचे सगळ्यात जुने लेखी उल्लेख राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या ताम्रपटांत आहेत, इ.स. ७५८ आणि ७६८ चे. 'पुण्यविषय', 'पूनकविषय' अशी नावं. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. एरवी ही माहिती माझ्या डोक्यात नुसती पडून असते. त्या दिवशी, समोर भट्टीत तांबं लाल होत असताना, ती फार जवळची वाटली.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी जा, हातोड्या चालू असताना. चालत जा. कारागिराला विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि जमलं तर एखादं भांडं घ्या, निदान घरातलं जुनं दुरुस्तीला तरी न्या. बंब आणि हंडे आता कमी खपतात. दिवे आणि शोभेच्या वस्तूंवर घरं चालतात. पण सांधा घालणारे हात अजून तिथे आहेत, आणि काम आलं तरच ते राहतील.

घंगाळ पुढच्या शनिवारी मिळणार आहे. आईचे गुडघे दुखतात, जिने नको म्हणते, तरी यायचं तिनं ठरवलं आहे. काकांना मी सांगून ठेवलंय, शेवटचे ठोके आम्ही आल्यावर घाला.